तो कुत्रा नाही, वाघ आहे

प्रति,
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक,
बँकेच्या केंद्रीय मंडळाचे सर्व सदस्य,
आणि नोटेच्या डिझाइनला मंजुरी देणारे केंद्र सरकारातले अधिकारी

स. न. वि. वि.

मी नाशिकरोडला राहते आणि एका शाळेत चित्रकला शिकवते. मध्यंतरी सातवीच्या वर्गाला सांगितलं होतं की घरून एक नोट आणा, कुठलीही चालेल, आणि तिच्यावर जेवढी चित्रं दिसतील तेवढी वहीत लिहा. एकेचाळीस मुलांत माझ्याकडची चार भिंगं फिरत होती. याद्या तयार झाल्या: चाक, रथ, किल्ला, स्तूप, लेणी, चष्मा. शंभराच्या नोटेवरच्या राणीच्या वावेला एकाने 'बारव' म्हटलं, ते मला फार आवडलं. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, गांधीजींच्या बाजूला कुत्रा आहे."

वर्ग हसला. मी जाऊन पाहिलं. पोरगं रिझर्व्ह बँकेच्या गोल मुद्रेवर भिंग धरून बसलं होतं. ताडाच्या झाडापुढे उभा असलेला तुमचा वाघ त्याला कुत्रा वाटला होता. त्याची चूक नव्हती. नखाएवढ्या मुद्रेतला तो प्राणी भिंगातूनही नीट ओळखू येत नाही.

या पत्राला निमित्त तो तास. २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकेने जाहीर केलं की दहा आणि पाचशेच्या नोटा नव्या गव्हर्नरांच्या सहीने येतील, बाकी डिझाइन तेच राहील. पेपरात चार ओळींची बातमी होती. तेव्हा मी ती वाचून बाजूला ठेवली. त्या तासानंतर मात्र ती परत आठवली आणि गप्प बसवेना.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. आमचं लहानपण भोंग्यावर चाललं. कुठल्या भोंग्याला उठायचं, कुठल्या भोंग्याला डबा तयार हवा, हे घड्याळाच्या आधी कळायचं. अण्णा शीट तपासायला असायचे. कामाबद्दल घरी अवाक्षर काढायचं नाही, हा नियम त्यांनी निवृत्तीनंतरही पाळला. फक्त एक वाक्य घरात शिरलं होतं. मागच्या बाजूला गेंडा, हत्ती आणि वाघ असलेली दहाची नोट १९९६ साली आली. त्या गेंड्याच्या कातडीच्या घड्यांत शाई जास्त भरली की शीट बाद. दमून आले की ते चप्पल काढता काढता म्हणायचे, "आजचा दिवस गेंड्यात गेला." आमच्या घरी अजूनही एखादं काम फसलं की ते गेंड्यात जातं.

खरा गेंडा मी आजवर पाहिलेला नाही. पण त्याच्या खांद्यावरची घडी कुठे वळते, ते मला काझीरंगाला न जाताच ठाऊक आहे, कारण दहाची नोट हातात घेऊन मी तो शंभरदा काढलाय. माझ्या पिढीतल्या कित्येकांचं असंच असेल. मोर, वाघ, गेंडा आम्हाला आधी खिशात भेटले.

आता तक्रारी.

पहिली आणि मुख्य तक्रार अशी की तुम्ही नोटेवरून जिवंत प्राणी काढून टाकले आणि त्याची कुठे साधी नोंदही झाली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या नोटा आठवून बघा. दोन रुपयांवर वाघ होता. पाचाच्या जुन्या नोटेवर हरणं होती, शंभराच्या एका जुन्या नोटेवर हत्ती. दहाच्या नोटेवर पिसारा सांभाळून बसलेले मोर होते, आणि मग तो तिघांचा गट आला, गेंडा-हत्ती-वाघ. नाणीसुद्धा मागे नव्हती. चाराण्यावर गेंडा होता. २०११ च्या जूनअखेर चाराणे चलनातूनच गेले आणि तोही गेला. मग २०१६ पासून नवी मालिका सुरू झाली. पाचशेवर लाल किल्ला, पन्नासवर हंपी, दोनशेवर सांची, दहावर कोणार्क, शंभरावर राणीची वाव, वीसवर वेरूळ. दोन हजारांवर मंगळयान होतं, ती नोट २०२३ मध्ये परत बोलावली. यातली एकही नोट वाईट नाही. वीसच्या नोटेवर वेरूळ पाहून मला आनंदच झाला, आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं आहे ते. पण सगळा वारसा दगडाचाच? हंपीच्या रथापुढे हत्ती आहेत, तेही दगडाचे. आणि कोणार्कचं चाक तर ऐंशीच्या दशकातल्या वीसच्या नोटेवर येऊन गेलेलं होतं. दुसऱ्यांदा येताना त्याने गेंड्याची जागा घेतली.

दगडाच्या वास्तूची काळजी घ्यायला पुरातत्त्व खातं आहे, तिकीट आहे, पाटी आहे. माळढोकाला काय आहे?

दुसरी तक्रार थोडी घरगुती आहे, पण सांगतेच. तुमच्या मुद्रेतला वाघ आमच्या नाशिकला ऋणी आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहोरेवर, म्हणजे सोन्याच्या नाण्यावर, सिंह आणि ताडाचं झाड होतं. बँकेसाठी मुद्रा ठरवताना सिंह काढून वाघ घेतला, कारण वाघ हा हिंदुस्थानचा जास्त खरा प्राणी. १९३५ च्या फेब्रुवारीत मंडळाने मुद्रा मंजूर केली, पण प्राणी सुधारून हवा होता. पुढे नवे नमुने आले, तेव्हा १९३८ च्या सप्टेंबरमध्ये सर जेम्स टेलर यांनी शेरा मारला की एका नमुन्यातलं झाड ठीक आहे पण वाघ कुत्र्याच्या जातीचा दिसतो, आणि कुत्रा-झाड अशी मुद्रा पाहून टवाळखोर लोक हसतील. दुसऱ्याचा वाघ चांगला, पण झाडाने घात केला. त्यानंतर चांगले नमुने तयार झाले ते नाशिकच्या प्रेसमध्ये. म्हणजे जवळपास नव्वद वर्षांपूर्वी वाघ वाघासारखा दिसावा म्हणून एवढी चिकाटी होती. आज माझ्या वर्गातला मुलगा त्याला कुत्रा म्हणतो, कारण मागच्या बाजूला मोठा वाघ उरलाच नाही. "वाघ आहे की मुद्रेत" असं उत्तर कृपा करून देऊ नका.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. नेपाळकडे बघा. त्यांच्या शंभराच्या नोटेवर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती. आपल्या जुन्या दहाच्या नोटेत दाटीवाटीने उभे असलेले तेच तिघे तिकडे स्वतंत्र घर करून राहतायत. त्यांच्या दहाच्या नोटेवर काळवीटही आहे. दक्षिण आफ्रिकेने गेंडा, हत्ती, सिंह, रानरेडा, बिबट्या अशी आख्खी मालिका केली. न्यूझीलंडच्या प्रत्येक नोटेच्या मागे त्यांचा स्वतःचा पक्षी आहे, पाचवर पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन. ब्राझीलने २०२० मध्ये दोनशेची नवी नोट काढली तेव्हा तिच्यावर लांब पायांचा, आयाळवाला लांडगा घेतला. फिजीने २०१३ मध्ये राणीचं चित्र काढून स्थानिक जीव आणले, आणि शंभर डॉलरच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या नोटेवर चक्क एक किडा, सिकाडा. किड्याला एवढा मान देणाऱ्या देशाबद्दल मला फार आदर वाटतो.

"आता नोटा वापरतं कोण" हे मला शाळेतही ऐकायला मिळालं. "मॅडम, पप्पा स्कॅन करतात." करतात ना. पण जेलरोडच्या भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना, रिक्षात सुटे मोजताना, आजी नातवाच्या हातात खाऊला पैसे ठेवताना दहा-वीसची नोटच लागते. लहान मुलाच्या हातात पडणारी नोट ही लहान नोटच असते. म्हणून माझा आग्रह पाचशेसाठी नाही, दहासाठी आहे.

आता नोटेवर कोण असावं यावर. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आमच्या जिल्ह्यात वन्यजीव हा शब्द गोड नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या उसात बिबट्या राहतो. ऊसतोडीत बछडे सापडतात आणि वन विभागाची माणसं रात्रभर थांबून त्यांची आईशी भेट घडवतात, त्याचे व्हिडिओ सगळे पाहतात. पण ज्या घरातलं मूल अंगणातून गेलं, त्या घरी जाऊन "बिबट्या नोटेवर यावा" असं म्हणायची माझी हिंमत नाही. दक्षिण आफ्रिकेने दोनशे रँडवर बिबट्या घेतला, घेऊ द्या. मी तो मागत नाही.

वाघही मी हट्टाने मागत नाही. वाघाला प्रकल्प आहे, गणना आहे, पोस्टर आहे. मला हवेत ते, ज्यांची ओळख कोणी करून देत नाही.

माळढोक घ्या. डॉ. सालिम अलींनी ज्याला राष्ट्रीय पक्षी करा म्हटलं होतं, तो हा पक्षी. १९६३ ला मान मोराला मिळाला. आज देशात माळढोक शे-दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, आणि तिथे जाणारे बहुतेक लोक माळढोक न बघता परत येतात. माळरान म्हणजे पडीक जमीन असं आपण ठरवून टाकलं, वर विजेच्या तारा ओढल्या, आणि हा जड अंगाचा पक्षी त्यांना धडकून मरतो. काळवीट घ्या. आमच्या येवल्याच्या ममदापूरला उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवणणारे काळवीट मी मुलांना दाखवून आणलेत.

आणि गिधाड.

इथे तुमच्या टेबलाभोवती कोणीतरी हसेल, हे मी धरून चालले आहे. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही हसले. एक सर म्हणाले, "पैशावर गिधाडं बसलेलीच असतात, वेगळं चित्र कशाला?" विनोद चांगला होता, मीही हसले. पण टेलरसाहेबांना टवाळीची भीती होती म्हणून त्यांनी प्राणी रद्द नाही केला, चित्र सुधारून घेतलं.

अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. सकाळी ऊन तापलं की एकेक करून कड्यावरून सुटतात आणि पंख न हलवता वर चढतात. मी मुलांना त्याचं स्केच करायला लावते. कोणाचंही पूर्ण होत नाही, कारण पेन्सिल खाली नेईपर्यंत पक्षी दुसऱ्या डोंगरावर. नव्वदच्या दशकापासून ही गिधाडं देशभर कोसळली, शंभरातली नव्वदपेक्षा जास्त गेली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आमच्याच जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकऱ्यांनी आणि वन विभागाने मिळून गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केली. डोंगराळ भागातल्या गरीब माणसांनी गिधाडांची पंगत मांडली, आणि आपण त्याचं नाव शिवीसारखं वापरतो.

आणखी एक. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे. रावणाशी झुंजून जखमी झालेला जटायू तिथे पडला, त्याला पाणी पाजण्यासाठी रामाने बाण मारून झरा काढला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पंचवटी आमची, टाकेद आमचं, अंजनेरी आमची आणि नोटा छापणारी प्रेसही आमची. गिधाडाची नोट निघायचीच असेल तर ती नाशिकहून निघावी, यापेक्षा योग्य गाव मला तरी सुचत नाही.

प्रेसला हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. १९६३ च्या वन्यजीव मालिकेतली पोस्टाची तिकिटं, गवा, लाल पांडा, हत्ती, वाघ, सिंह, नाशिकलाच छापली गेली. बोटभर कागदावर पांडाच्या शेपटीचे पट्टे मोजता येतील असं काम करणारं हे गाव आहे.

माझ्या मागण्या अशा:

१. पुढची नवी मालिका आखली जाईल तेव्हा दहा आणि वीस या दोन नोटांच्या मागे इथले वन्यजीव यावेत. वारसास्थळं बाकीच्या नोटांवर खुशाल राहू द्या.

२. त्यात किमान एक जीव असा असावा जो संपायला आलाय. माझी पसंती गिधाडाला, नाहीतर माळढोकाला. चित्राखाली त्याचं नाव छापावं. जुन्या दहाच्या नोटेवर तिघांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

३. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ प्रमाणे केंद्रीय मंडळ शिफारस करतं आणि केंद्र सरकार डिझाइन मंजूर करतं. या दोन्हीच्या मधे लोकांना विचारायची सोय कुठेच नाही. बँक ऑफ इंग्लंडने २०२५ च्या जुलैत पुढच्या नोटांवर काय असावं, हे लोकांना उघडपणे विचारलं, आणि निसर्ग हा त्यातला एक पर्याय होता. सुरक्षेच्या खुणा गुप्त ठेवा, त्या ठेवायलाच हव्यात. पण चित्राचा विषय कशाला गुप्त? महिनाभर सूचना मागवा. मराठीतही मागवा.

४. नाशिकला नोटछपाई सुरू झाली १९२८ साली. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. २०२८ ला शंभर वर्षं होतील. समारंभ होईल, कोनशिला बसेल, भाषणं होतील. त्याऐवजी, किंवा त्यासोबत म्हणा, त्या वर्षी वन्यजीवांची नोट काढावी.

एवढंच. जुन्या नोटा अजून चालतात, हे मला माहीत आहे. माझ्या वर्गात एकेचाळीस मुलांत एकीने ती जुनी दहाची आणली होती. आजीच्या बटव्यातली, चौघडी घालून मऊ पडलेली, घडीवर गेंड्याचं शिंग झिजून पांढरं झालेलं. सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती. ज्याला मुद्रेत कुत्रा दिसला होता, तो ती नोट सगळ्यात जास्त वेळ धरून बसला आणि मग म्हणाला, "हा वाघ आहे." ती नोट आजीला त्याच दिवशी परत द्यायची होती, कारण मोजून दिली होती.

त्यानंतर मुलांना मी नोटेसाठी प्राणी काढायला सांगितलं. नोटेसारखं दिसणारं काही बनवणं गुन्हा आहे, हे प्रेसवाल्याच्या मुलीला कोणी सांगायला नको. म्हणून सगळी चित्रं ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर आहेत, आकडा नाही, गांधीजी नाहीत, नुसते प्राणी. नऊ मोर, अकरा वाघ, सात बिबटे (मी काही बोलले नाही), दोन शेकरू, एक घोरपड, बाकी पक्षी. गिधाड एकच आहे. ही एकेचाळीस चित्रं स्पीड पोस्टाने या पत्रासोबत पाठवते आहे. बाकीची ठेवून घेतलीत तरी हरकत नाही. गिधाडाचं मात्र परत पाठवा. काढणाऱ्या मुलीने त्या अटीवरच दिलं आहे, आणि मी तिला शब्द दिलाय.

आपली नम्र,
एक चित्रकला शिक्षिका,
नाशिकरोड